मुलांचे डोळे : विश्रांती, व्यायाम व परीक्षण

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकारी, पंचायत समिती, संग्रामपूर ह्यांनी दिलेले व्याख्यान)



आजच्या परिषदेत वाचन व गणित ह्या दोन विषयांवर बरीच चर्चा झाली. मला जो विषय आपणांपुढे मांडावयाचा आहे, तो ह्या दोहोंच्याही आधीचा आहे. फळ्यावरील अक्षर ज्या मुलास दिसतच नाही, त्याच्या वाचनाची प्रगती आपण कोणत्या पद्धतीने करणार?

अलीकडे आपल्या पुष्कळ शाळांतून परिपाठानंतर डोळ्यांचे व्यायाम घेतले जातात. कोणी ते योगासनांच्या पुस्तकातून घेतले आहेत, कोणी मोबाइलवरील चित्रफितींतून. हा उपक्रम स्तुत्य आहे आणि तो बंद व्हावा असे मी मुळीच म्हणणार नाही. परंतु त्याबरोबरच एक समजूत पसरू लागली आहे, ती अशी की, हे व्यायाम नेमाने केले असता चष्मा लागत नाही आणि लागलेला सुटतो. काही पालक ह्या भरवशावर मुलांना डॉक्टरांकडे नेण्याचे टाळतात. म्हणून व्यायामाने काय साधते व काय साधत नाही, हे प्रथम नीट समजून घेऊ.

डोळ्यात बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असते. त्याच्याभोवती कड्यासारखा एक सूक्ष्म स्नायू असतो. आपण दूर पाहतो तेव्हा हा स्नायू सैल असतो. पुस्तक हाती घेतले की तो आवळतो, भिंग फुगीर होते आणि जवळचे अक्षर स्पष्ट दिसू लागते. जवळचे पाहणे हे डोळ्याचे श्रम आणि दूरचे पाहणे ही त्याची विश्रांती. सहा मीटरांच्या, म्हणजे सुमारे वीस फुटांच्या पलीकडे पाहताना हा स्नायू जवळजवळ पूर्ण विसावा घेतो. डोळे तपासण्याचा तक्ता सहा मीटरांवर टांगतात, त्याचे कारण हेच. वहीतले लिहिणे, पाटी, शिवणकाम, आणि आता घरोघरी आलेला मोबाइल, ह्या सर्वांत हा स्नायू तासन्‌तास आवळलेला राहतो. शिवाय एकाग्रतेने पाहताना पापण्यांची उघडझाप पुष्कळच कमी होते. एरव्ही आपण मिनिटास सुमारे पंधरा वेळा पापण्या मिटतो. प्रत्येक मिटण्यासरशी अश्रूंचा पातळ थर बुबुळावर पसरतो. मिटणे कमी झाले की डोळा कोरडा पडतो, चुरचुरतो, लाल होतो. संध्याकाळी कपाळ दुखते ते ह्या दोन कारणांनी. मात्र दुपारच्या सुमारास मुलाचे डोके दुखत असेल, तर ते सकाळी उपाशी आले आहे काय, हेही विचारावे.

ह्या थकव्यावर व्यायामाचा चांगला उपयोग होतो. त्यासाठी पाच मिनिटे पुरतात, आणि साहित्य काहीच लागत नाही.

पहिला व्यायाम दूर-जवळ पाहण्याचा. मुलांना व्हरांड्यात किंवा अंगणात उभे करावे. एक हात पुढे करून अंगठा डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरावा व त्याच्या नखाकडे पाच अंक मोजेपर्यंत पाहावे. नंतर दृष्टी उचलून दूरच्या झाडावर, देवळाच्या कळसावर, किंवा उत्तरेकडे सातपुड्याची रांग दिसत असेल तर तिच्यावर नेऊन तितकाच वेळ स्थिर करावी. असे दहा वेळा. सोनाळा-टुनकीकडील शाळांना तर डोंगर शाळेच्या दारातच उभा आहे. इतका चांगला तक्ता शहरातल्या शाळेस विकत घेऊनही मिळावयाचा नाही!

दुसरा पापण्यांचा. दहा वेळा पापण्या पूर्ण, पण हलकेच मिटाव्या व उघडाव्या. लहान मुले डोळे घट्ट आवळून चेहरा वाकडा करतात व सारा वर्ग हसू लागतो. तेव्हा ‘फुलपाखराच्या पंखांसारखे’ असे सांगितले की त्यांस बरोबर समजते. तिसरा डोळे फिरविण्याचा. मान स्थिर ठेवून दृष्टी सावकाश उजवीकडे व डावीकडे, वर व खाली न्यावी, शेवटी एक संथ वर्तुळ काढावे. घाई नको. ज्या मुलास गरगरते त्याने खाली बसावे. ज्याच्या डोळ्यास इजा किंवा शस्त्रक्रिया झाली असेल, त्याने हा व्यायाम डॉक्टरांस विचारल्याशिवाय करू नये.

शेवटी विश्रांती. तळहात स्वच्छ धुऊन, एकमेकांवर घासून किंचित ऊब आणावी व मिटलेल्या डोळ्यांवर ओंजळीसारखे पोकळ ठेवावे. डोळ्याच्या गोलावर दाब पडता कामा नये. मिनिटभर अंधार व शांतता. वर्गातील धडपडी मुलेही ह्या एका मिनिटात कशी निवळतात, हे आपणांपैकी अनेकांनी अनुभवले असेल.

ह्यांखेरीज वर्ग चालू असताना पाळावयाचा एक साधा नियम आहे. दर वीस मिनिटांनी, वीस फुटांपलीकडे, वीस सेकंद पाहावयाचे. शुद्धलेखन किंवा उदाहरणे चालू असताना शिक्षकांनी ‘खिडकीबाहेर’ एवढा एकच शब्द उच्चारावा. मुलांस सवय लागली की तेवढ्याने भागते. पुस्तक डोळ्यांपासून किती दूर असावे, ह्याचे मापही मुलाच्या अंगावरच आहे : मूठ हनुवटीखाली धरली असता कोपर पुस्तकास टेकावे. ह्याहून जवळ नको.

आणखी एक व्यायाम आहे. तो सर्वांसाठी नाही. पेन्सिलीचे टोक हातभर अंतरावरून नाकाच्या दिशेने हळूहळू आणावयाचे व दोन्ही डोळ्यांनी त्याच्याकडे पाहत राहावयाचे. काही अंतरावर एकाच्या दोन पेन्सिली दिसू लागतात, तेथे थांबावयाचे. वाचताना दोन्ही डोळे आत वळून एका बिंदूवर यावे लागतात. काहींचे डोळे ह्या कामी दुबळे असतात. त्यांस ओळी एकमेकींत मिसळल्यासारख्या वाटतात, वाचताना ओळ सुटते. ह्या दोषावर असले व्यायाम डॉक्टर स्वतः सांगतात व त्यांचा गुण येतो. टोक दहा सेंटिमीटरांच्याही पलीकडे असतानाच ज्या मुलास दोन दिसतात, त्याचे नाव लिहून ठेवावे व डॉक्टरांस दाखवावे.

आता चष्म्याच्या नंबराकडे वळू.

दूरचे अंधुक दिसण्याचा जो दोष शाळकरी मुलांत वाढत आहे, त्यात डोळ्याचा गोलच मागच्या बाजूस लांबलेला असतो. निकोप प्रौढ डोळ्याची लांबी सुमारे २४ मिलिमीटर असते. ती एका मिलिमीटरने वाढली की अडीच-तीन नंबरांचा चष्मा लागतो. प्रकाशाचे किरण दृष्टिपटलाच्या अलीकडेच एकत्र येतात आणि चित्र विसकटते. लांबलेला गोल स्नायूंच्या कसरतीने आखूड होत नाही. अंगणातील कवायतीने मुलाची उंची कमी होत नाही, तसेच हे आहे.

न्यूयॉर्कचे डॉ. विल्यम बेट्‌स ह्यांनी १९२० साली चष्म्याशिवाय परिपूर्ण दृष्टी मिळविण्याविषयी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. तळहात ठेवण्याची क्रिया शाळाशाळांतून पोचली आहे, ती मुख्यतः त्यांच्यामुळे. पाँडिचेरीच्या श्रीअरविंद आश्रमात डॉ. आर. एस. अग्रवाल ह्यांनी हीच परंपरा आपल्या देशात चालविली. त्यांच्या विश्रांतीच्या क्रिया सुखद आहेत, हे मान्य करावयास हरकत नाही. परंतु जवळ पाहताना भिंगाचा आकार बदलत नाही, हे बेट्‌स ह्यांचे मूळ प्रतिपादनच चुकीचे होते. भिंगच हे कार्य करते, असे इंग्लंडमधील टॉमस यंग ह्यांनी १८०१ सालीच दाखवून दिले होते. बेट्‌स ह्यांनी सूर्याकडे पाहण्याचाही उपदेश केला. तो कोणी शाळेत अमलात आणू नये. सूर्याकडे पाहिल्याने दृष्टिपटल भाजते व ते वेदनेशिवाय भाजते, त्यामुळे मुलास वेळेवर कळतही नाही. उगवत्या सूर्याची गोष्ट निराळी, असे म्हणणारे सद्‌गृहस्थ भेटतात. सूर्यनमस्कार घालावे, पण डोळे सूर्यास लावू नयेत.

त्राटकाविषयीही शिक्षक विचारतात. हठयोगप्रदीपिकेत सहा शुद्धिक्रियांमध्ये त्राटकाची गणना आहे, आणि मनाच्या एकाग्रतेसाठी जाणत्या गुरूपाशी मोठी माणसे ती करतात. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केले, ते योगक्रिया प्रयोगशाळेत तपासून पाहाव्या ह्याच हेतूने. आपणही तीच वृत्ती ठेवावी. सात-आठ वर्षांच्या मुलांना पापणी न लववता दिव्याकडे पाहावयास लावणे हे प्राथमिक शाळेचे काम नव्हे.

मोठ्या प्रमाणावर झालेला एक प्रयोग सांगतो. चीनमध्ये १९६० नंतरच्या दशकापासून शाळांतून डोळ्यांचे व्यायाम रोज घेतले जात आहेत. भोवयांवर, कानशिलांवर बोटांनी मर्दन करावयाचे, संगीताच्या तालावर, साऱ्या वर्गाने एकदम. दोन-तीन पिढ्या ह्या शिस्तीत वाढल्या. तरीही त्या देशातील मुलांत दूरदृष्टी कमी असण्याचे प्रमाण जगातील सर्वांत अधिक प्रमाणांपैकी एक आहे. त्याच देशात ग्वांगजौ शहरी २०१० ते २०१३ ह्या काळात बारा प्राथमिक शाळांत निराळा प्रयोग झाला. सहा शाळांतील पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे अधिक वेळ उघड्यावर नेण्यात आले, सहा शाळांत नेहमीचाच क्रम ठेवला. तीन वर्षांनी पाहिले तो, बाहेर नेलेल्या मुलांपैकी सुमारे ३० टक्क्यांस हा दोष नव्याने जडला होता व इतरांपैकी सुमारे ३९ टक्क्यांस. फरक अद्‌भुत नाही. परंतु तो एकाही पैशाच्या औषधाशिवाय पडला. उघड्यावरील प्रकाश, झाडाच्या सावलीतलाही, वर्गातील प्रकाशाच्या कितीतरी पट असतो, आणि त्या प्रकाशाने डोळ्याची लांबी वाढण्यास आळा बसतो असे दिसते.

म्हणून ज्यांस डोळ्यांचा व्यायाम म्हणून एकच गोष्ट करावयाची असेल, त्यांनी खेळाचा तास राखावा. अभ्यासक्रम मागे पडला की पहिला बळी खेळाच्या तासाचा जातो, हे आपण सारे जाणतो. आपल्याकडील मार्च-एप्रिलचे ऊन मलाही ठाऊक आहे. दुपारी मुलांना मैदानात पिटाळा असे मी म्हणत नाही. सकाळची वेळ आणि कडुनिंबाची सावली पुरेशी आहे. भाषेचा तास झाडाखाली घ्यावा. शेतातून चालत शाळेस येणारी मुले ह्या बाबतीत शहरी मुलांहून भाग्यवान होती. २०२० साली शाळा बंद पडल्या, मोबाइल खेड्यापाड्यांत शिरला, आणि हे भाग्यही आता झिजू लागले आहे.

आता ज्यासाठी मी हा विषय मुद्दाम मागून घेतला, तो भाग सांगतो.

आपल्या तालुक्यातील एका शाळेत तिसरीच्या वर्गात एक मुलगी होती. शेजारणीच्या वहीत पाहून लिहिते अशी तिच्याविषयी तक्रार होती, त्याबद्दल तिने बोलणीही खाल्ली होती. प्रगतिपुस्तकात ‘लक्ष देत नाही’ हा शेरा दोन वर्षे येत होता. परिपाठात मात्र ती डोळ्यांचे व्यायाम सर्वांत मनापासून करी. एके दिवशी तक्त्यासमोर तिचा एक डोळा झाकला, तेव्हा तिने बऱ्यापैकी वाचले. दुसरा झाकताच ती गप्प झाली. पुन्हा विचारले तेव्हा म्हणाली, “गुरुजी, ह्या डोयानं मले दिसतच नाही.” हे तिने घरी किंवा शाळेत कधी कोणास का सांगितले नाही? सांगणार काय! तिला वाटत होते की सर्वांचेच असे असते. तिला चष्मा मिळाला, चांगला डोळा रोज काही तास झाकून दुसऱ्यास काम देण्याचा उपचारही झाला. थोडी सुधारणा झाली. पूर्ण झाली नाही. ती शाळेत आली त्याच वर्षी आणली असती तर पुष्कळ लाभ झाला असता, असे डॉक्टरांनी सांगितले.

ह्यामागील कारण शिक्षकांनी पक्के ध्यानात ठेवावे. पाहणे हे डोळ्यापुरते नाही. मेंदू पाहावयास शिकतो आणि त्याचे हे शिकणे बहुतांशी सातव्या-आठव्या वर्षापर्यंतच चालते. तोपर्यंत एका डोळ्याकडून अंधुकच चित्र येत राहिले, किंवा डोळा तिरळा असला, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करण्यास शिकतो. ह्यासच आळशी डोळा म्हणतात. पुढे कितीही उत्तम चष्मा दिला तरी अशा डोळ्यास पूर्ण दिसण्याची शाश्वती उरत नाही. पहिली-दुसरीचा वर्ग ज्यांच्याकडे आहे, त्यांच्या हाती ही मुदत आहे. माध्यमिक शाळेच्या हाती ती नसते. तिरळेपणा भाग्याचे लक्षण मानून जे पालक थांबून राहतात, त्यांस हे सांगितलेच पाहिजे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक २०१३ पासून शाळा तपासत आहे. ते वर्षातून एकदा येते. त्या दिवशी मूल गैरहजर असले, कापूस वेचणीला किंवा आईबापांबरोबर कामाला गेले असले, की पुढील तपासणीस आणखी एक वर्ष. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांतील मुलांच्या बाबतीत हे नेहमी घडते. म्हणून पहिली चाळणी शिक्षकांनीच लावावी. त्यास फार विद्या लागत नाही.

तक्ता मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, भरपूर उजेडात, पण चकाकणार नाही असा लावावा. सहा मीटर फूटपट्टीने नव्हे, तर टेपने मोजून जमिनीवर रेघ ओढावी. ज्यांस अक्षरओळख नाही, त्यांच्यासाठी तीन दातांच्या इंग्रजी ‘ई’ चा तक्ता मिळतो. दाते कोणत्या दिशेस आहेत, ते मुलाने बोटांनी दाखवावयाचे. एका वेळी एकच डोळा. दुसरा डोळा मुलाच्या पोकळ तळहाताने झाकावा. बोटांनी झाकला की फटींतून पाहणे होते, आणि दाबून धरला की पुढे त्याची पाळी आली असता त्यास धड दिसत नाही. मुलाने डोळे बारीक केले, मान कलती केली, तर थांबवावे. शेजारी उभ्या असलेल्या मित्राने उत्तर पुटपुटले तर सारी तपासणी व्यर्थ! तेव्हा रांग खोलीबाहेर ठेवावी. ६/९ ची ओळ दोहोंपैकी एका जरी डोळ्याने न वाचता आली, तर नाव लिहावे. ६/९ ह्याचा अर्थ एवढाच की, निकोप डोळा जे अक्षर नऊ मीटरांवरून ओळखतो, ते ह्या डोळ्यास सहा मीटरांवर आल्याशिवाय ओळखता येत नाही.

ज्याच्या बाहुलीत पांढरी झाक दिसते, त्यास पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे पाठवावे. संध्याकाळी अंधारू लागताच जे मूल चाचपडते, त्याच्या आहारात जीवनसत्त्व अ कमी असण्याचा संभव असतो. शेवग्याचा पाला, मेथी, पालक, लाल भोपळा, पपई ही आपल्या परसबागेत होणारी औषधेच आहेत, आणि ती चमचाभर तेलात शिजली तर अंगी लागतात. मात्र गाजर-पपईने नंबर उतरतो असे कोणी सांगत असेल, तर ते खरे नाही. पऱ्हाटी-तुराटीचे धसकट किंवा विटी डोळ्यास लागली असता मध, दूध, तूप घालू नये व दुकानातून उचललेले थेंबही घालू नयेत. बुबुळावरील लहानशा ओरखड्यात बुरशी वाढली की डोळा जातो. स्वच्छ फडके हलकेच ठेवून तडक दवाखाना गाठावा.

चष्मा हाती आल्यानंतरही आपले काम संपत नाही. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे व त्यातून शाळकरी मुलांस चष्मा विनामूल्य मिळतो. परंतु मिळालेले चष्मे पेटीत पडून राहिलेले मी पाहिले आहेत, विशेषतः मुलींचे. चष्म्याने नंबर वाढतो ही भीती, लग्नात अडचण येईल ही दुसरी, आणि वर्गातील ‘चष्मिश’ ही हाक तिसरी. पहिल्या दोन भीतींसाठी पालकसभा आहे. तिसरीचा बंदोबस्त वर्गशिक्षकांनी त्याच दिवशी करावा. ज्या शिक्षकांस स्वतःस चष्मा आहे, त्यांनी तो मुलांना हाताळू द्यावा, पुसावयास शिकवावे. उंचीप्रमाणे किंवा गुणांप्रमाणे बसविण्याची पद्धत असेल, तर ती डोळ्यांच्या यादीप्रमाणे बदलावी.

डॉ. भालचंद्र ह्यांच्या स्मरणार्थ १० जून हा दिवस आपल्या राज्यात दृष्टिदान दिन म्हणून पाळला जातो. विदर्भातील शाळा त्या सुमारास उघडलेल्या नसतात, म्हणून आपण शाळा उघडल्यानंतरचा पहिला पंधरवडा ह्या कामासाठी धरू. प्रत्येक वर्गशिक्षकाने दोन्ही डोळ्यांचा स्वतंत्र रकाना असलेली यादी करावी व तपासणीच्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलांची नावे त्याच कागदावर खाली लिहावी. पहिली-दुसरीच्या याद्या प्रथम पाठवाव्या. केंद्रप्रमुखांनी त्या एकत्र करून प्राथमिक आरोग्य केंद्राकडे द्याव्या व एक प्रत माझ्याकडे पाठवावी. ज्यांस पुढे खामगावच्या रुग्णालयात न्यावे लागेल, त्यांच्याबरोबर पालकास जाणे शक्य नसेल तर तसे यादीत नमूद करावे, म्हणजे जाण्यायेण्याची व्यवस्था एकत्र विचारात घेता येईल. तक्ते बाहेर टेबलावर ठेवले आहेत. प्रत्येक शाळेने सही करून एक न्यावा व सोबतची दोरी सहा मीटरांची आहे की नाही, हे येथेच मोजून पाहावे.